रडीचा डाव आणि ऑनलाइन मैदानाचा पंच

ऑनलाइन खेळांतली फसवणूक ऑनलाइन खेळांइतकीच जुनी आहे, आणि तिचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: पंच उभा कुठे करायचा? विटीदांडू किंवा आट्यापाट्या खेळणारे सगळे एकाच अंगणात असतात. कोणी रडीचा डाव खेळला तर दहा डोळ्यांना तो दिसतो आणि भांडण तिथल्या तिथे मिटते. ऑनलाइन खेळात प्रत्येक जण आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर बसलेला असतो. खेळ चालवणारा सर्व्हर आणि खेळाडूच्या संगणकावरचा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, यांच्यात दर सेकंदाला अनेक निरोप जातात-येतात आणि त्यांतून सामायिक मैदानाचा आभास तयार होतो. सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असतो, क्लायंट खेळाडूच्या. आपल्या ताब्यातला प्रोग्रॅम खेळाडू उघडू शकतो, बदलू शकतो, त्याच्या शेजारी दुसरा प्रोग्रॅम बसवू शकतो. ऑनलाइन खेळांतल्या बहुतेक लबाड्या याच फटीतून आत आल्या.

एकट्याचा खेळ आणि ‘चीट’

एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये ‘चीट’ हा शब्द फारसा बोचरा नव्हता. १९८६ मध्ये कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. खेळ अवघड होता आणि चाचणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे. म्हणून त्यांनी बटणांचा एक ठरावीक क्रम योजला. तो दाबला की हत्यारे एकदम हाती येत. हा क्रम विक्रीच्या आवृत्तीतही राहिला आणि ‘कोनामी कोड’ या नावाने जगभर गाजला. पुढे आलेल्या ‘गेम जीनी’ या उपकरणाने कार्ट्रिजमधल्या खेळात असे फेरफार घरबसल्या करता येऊ लागले. हे उपकरण विकणारी गालूब कंपनी आणि निंटेंडो यांच्यात अमेरिकेत न्यायालयीन लढाई झाली आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल गालूबच्या बाजूने लागला. विकत घेतलेला खेळ घरी एकट्याने कसा खेळायचा, ही ग्राहकाची मर्जी ठरली. त्यात दुसऱ्या कोणाचे नुकसान नव्हते. समोर दुसरा माणूस आला तेव्हा मात्र हाच शब्द आरोप बनला.

एकाच संगणकातले जग

संगणकांच्या जाळ्यावर अनेकांनी मिळून खेळायच्या सुरुवातीच्या खेळांपैकी एक मोठा खेळ म्हणजे ‘मड’. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तो १९७८ मध्ये लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवला. या खेळाचे सगळे जग विद्यापीठाच्या एकाच मोठ्या संगणकात होते. खेळाडूपुढे असे ते फक्त टर्मिनल: शब्द टाइप करायचे आणि उत्तर वाचायचे. खेळाडूकडे प्रोग्रॅमच नसल्यामुळे बदलायला काही नव्हते. पंच आणि मैदान एकाच ठिकाणी असण्याचा हा काळ होता.

१९८६ मध्ये ल्युकासफिल्म गेम्सच्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ‘हॅबिटॅट’चे चाचणीपर्व सुरू केले. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर टेलिफोनच्या तारेतून खेळायचा हा खेळ. त्यात चित्ररूप गाव होते, रस्ते होते, वस्तू विकणारी यंत्रे होती आणि ‘टोकन’ नावाचे चलन होते. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळे. दूरच्या भागातले दुसरे यंत्र तीच बाहुली १०० टोकनांना विकत घेई. आणखी एका ठिकाणी स्फटिकगोल १८,००० टोकनांना मिळे आणि दुसरीकडे ३०,००० ला खपे. किमती भरताना झालेली ही चूक काही खेळाडूंच्या नजरेस आली. रात्रभर ते बाहुल्या घेऊन गावभर खेपा घालत राहिले. पुरेसे टोकन जमल्यावर त्यांनी स्फटिकगोलांचा व्यापार सुरू केला. सकाळी चालकांनी रोजचा अहवाल पाहिला तर गावातले एकूण चलन एका रात्रीत पाचपट झाले होते.

खेळाडूंनी कोणताही प्रोग्रॅम बदलला नव्हता. खेळाच्या नियमांनी जे करू दिले तेच त्यांनी केले. पुढे त्यांनी हा पैसा गावासाठी खजिन्याच्या शोधाचे खेळ भरवण्यात घातला आणि इतर खेळाडूंनी त्याचा मनमुराद आनंद घेतला. नियमातली पळवाट वापरणे आणि फसवणे यांतली सीमारेषा कुठे ओढायची, हा वाद तेव्हापासून प्रत्येक मोठ्या ऑनलाइन खेळात झाला आहे. मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी आपल्या अनुभवावर लिहिलेल्या निबंधात एक धडा ठळकपणे मांडला: खेळाडूच्या घरातल्या संगणकावर विश्वास ठेवून चालणार नाही.

वेगाची किंमत

१९९० च्या दशकात या धड्याकडे पाठ फिरवावी लागली. याला कारण वेग. १९९६ मध्ये इड सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ आला. टेलिफोन मोडेमवरून निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ नेमबाजीच्या खेळात असह्य होई. प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ‘क्वेकवर्ल्ड’ काढले. त्यात खेळाडूचा क्लायंट उत्तराची वाट न पाहता पुढच्या हालचालीचा अंदाज बांधू लागला. खेळ सुरळीत झाला, पण सर्व्हरकडे असलेल्या ज्ञानाचा काही वाटा क्लायंटकडे गेला. शत्रू भिंतीआड असतानाच त्याचा ठावठिकाणा खेळाडूच्या संगणकावर येऊन पडू लागला. पडद्यावर तो दिसत नव्हता इतकेच.

या काळात घडवलेल्या एमबॉटची, म्हणजे आपोआप नेम धरणाऱ्या प्रोग्रॅमची, रचना साधी होती. क्लायंट आणि सर्व्हर यांच्या मध्ये एक छोटा प्रोग्रॅम दलालासारखा बसे. सर्व्हरकडून येणारे निरोप वाचून कोणता खेळाडू कुठे आहे हे त्याला कळे. बंदूक चालवायचा निरोप बाहेर निघाला की तो त्याला अडवी, नेम किती अंशांत असायला हवा याचा हिशेब करी, मूळ कोनाच्या जागी नवा कोन घाली आणि निरोप पुढे पाठवी. सर्व्हरला दिसे तो अचूक नेम. माणसाचा हात आणि दलालाचे गणित यांत फरक करण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते.

डिसेंबर १९९९ मध्ये इडने ‘क्वेक’चा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला आणि हॅकचे, म्हणजे फसवणुकीच्या प्रोग्रॅमांचे, पेव फुटले. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी काही दिवसांतच या प्रकरणावर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की दोष कोड खुला करण्यात नव्हता. खेळाडूला जे दिसू नये ते त्याच्या संगणकावर पाठवायचे आणि कोणी वाचणार नाही अशी आशा धरायची, ही रचनाच चुकीची होती. फसवणुकीचे त्यांनी दोन प्रकार वेगळे काढले: माणसाला न जमणारी चपळाई आणि माणसाला न मिळणारी माहिती. एमबॉट पहिल्या प्रकारात येतो, भिंतीपलीकडचे दाखवणारा वॉलहॅक दुसऱ्या. ही विभागणी आजही उपयोगी पडते.

दुसऱ्या दिशेने हाच प्रकार ‘डायब्लो’त घडला. १९९६ च्या अखेरीस आलेल्या ब्लिझर्डच्या या खेळात खेळाडूचे पात्र, त्याची ताकद आणि त्याची हत्यारे यांची नोंद त्याच्याच संगणकावरच्या फाइलीत असे. फाइल बदलली की पात्र बदले. एका तलवारीच्या दहा तलवारी करणारे ‘ड्यूपिंग’ इतके बोकाळले की प्रामाणिकपणे मिळवलेल्या वस्तूला मोल उरले नाही. २००० सालच्या ‘डायब्लो २’मध्ये ब्लिझर्डने पात्रांची नोंद आपल्या सर्व्हरवर हलवली. युद्धनीतीच्या खेळांना हा उपायही लागू पडत नव्हता. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या खेळात प्रत्येक संगणक संपूर्ण लढाईचे गणित स्वतः चालवी. नकाशावरचा अंधार हा केवळ पडदा होता आणि ‘मॅपहॅक’ तो बाजूला सारी.

चोर-पोलिसांचा काळ

‘हाफ-लाइफ’ या खेळावर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला आणि व्हॉल्व कंपनीने २००० मध्ये तो बाजारात आणला. भारतातल्या शहरांतल्या सायबर कॅफेंतही हाच खेळ एका पिढीने रात्र-रात्र खेळला. याच खेळात वॉलहॅक घरोघरी पोहोचला. चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स लायब्ररीची एक फाइल बदलली की भिंती पारदर्शक होत. २००१ मध्ये आसुस कंपनीने आपल्या ग्राफिक्स कार्डाबरोबर भिंतीपलीकडचे दाखवणारे ड्रायव्हर देण्याची जाहिरात केली तेव्हा खेळाडूंत संतापाची लाट उसळली. जे आडून विकले जाई ते आता खोक्यावर छापून येणार होते.

उत्तर म्हणून पंच खेळाडूच्या संगणकात शिरला. टोनी रे यांनी २००० मध्ये ‘पंकबस्टर’ सुरू केले. खेळ चालू असताना ते संगणकाची स्मृती तपासे, फाइलींची पडताळणी करी आणि पडद्याचे छायाचित्र सर्व्हरच्या चालकाकडे पाठवी. २००२ मध्ये व्हॉल्वचे ‘व्हॅक’ आले. हॅक सापडताच व्हॅक खेळाडूला बाहेर काढत नसे. बंदी काही दिवसांनी लागू होई. कोणती खूण पकडली गेली हे हॅक बनवणाऱ्याला कळू नये म्हणून हा उशीर मुद्दाम ठेवलेला होता. सुरुवातीला ठरावीक मुदतीची असलेली बंदी २००५ पासून कायमची झाली.

पंच घरात शिरला की त्याच्या चुकाही घरात येतात. पंकबस्टर स्मृतीत ओळखीच्या हॅकच्या खुणा शोधतो हे कळल्यावर २००८ मध्ये काहींनी त्याच खुणांचा मजकूर चॅटमध्ये टाकला. तो ज्यांच्या पडद्यावर उमटला, त्या निरपराध खेळाडूंवर बंदी आली. २०१० मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्या सुमारे १२,००० खेळाडूंना व्हॅकने चुकून बाद केले. व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूएल यांनी जाहीर माफी मागितली, बंदी उठवली आणि प्रत्येकाला एक खेळ भेट दिला. ज्याने वर्षानुवर्षे खेळून नाव मिळवले त्याच्यावर ‘चीटर’ असा शिक्का बसणे ही हलकी शिक्षा नव्हे, याची ही कबुली होती.

स्क्रिप्ट, बॉट आणि सोन्याची मजुरी

स्क्रिप्टिंगचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. हजारो लोक एकाच जगात महिनोन्‌महिने खेळतात अशा खेळांत चपळाईपेक्षा चिकाटीला किंमत असते: झाडे तोडायची, मासे पकडायचे, राक्षस मारायचे, हळूहळू सोने साठवायचे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे ते यंत्राकडून करून घेण्याचा मोह होतो. आधी कळा आणि माउसच्या टिचक्यांची मालिका नोंदवणारे मॅक्रो आले, मग पडद्यावरचे पाहून निर्णय घेणारे बॉट. मालक झोपलेला असतानाही बॉट खेळत राही. जमलेले सोने खऱ्या पैशांना विकले जाऊ लागले आणि विशेषतः चीनमध्ये पगारी तरुणांना पाळीपाळीने बसवून सोने जमवणारी दुकाने उभी राहिली. खेळातले चलन फुगले आणि स्वतः खेळून वस्तू मिळवणारा मागे पडला.

केंब्रिजच्या जाजेक्स कंपनीचा ‘रूनस्केप’ या लढाईचे ठळक उदाहरण आहे. बॉट ओळखण्यासाठी त्यात अचानक उद्भवणारे प्रसंग घातले गेले. जिवंत खेळाडू त्यांना प्रतिसाद देई, स्क्रिप्ट गोंधळे. २००७ च्या अखेरीस कंपनीने खेळाडूंमधल्या मुक्त देवघेवीवरच बंधने घातली. त्यामुळे सोन्याचा बाजार आटला, पण मित्राला मोकळ्या हाताने काही देण्याची सोयही गेली. प्रामाणिक खेळाडू नाराज झाले. २०११ मध्ये ही बंधने उठवली आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला जाजेक्सने खेळाच्या रचनेतच असा बदल केला की जुने बॉट निकामी झाले. पहिल्याच दिवशी १५ लाख खात्यांवर बंदी घातल्याचे कंपनीने जाहीर केले.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हा झगडा न्यायालयात गेला. या खेळात ब्लिझर्डचा ‘वॉर्डन’ हा पहारेकरी प्रोग्रॅम खेळाडूच्या संगणकावर चालू असलेले इतर प्रोग्रॅमही पाहतो, हे ग्रेग हॉगलंड या सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्ये उघड केले आणि खासगीपणाचा प्रश्न ऐरणीवर आला. दुसरीकडे मायकेल डॉनेली याने लिहिलेला ‘ग्लायडर’ हा बॉट एक लाखाहून अधिक जणांनी विकत घेतला होता. ब्लिझर्डने त्याच्या कंपनीशी दावा लढवला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने सूक्ष्म भेद केला: बॉटवरची बंदी मोडल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, पण वॉर्डनला चुकवणारे साधन विकणे अमेरिकी डिजिटल कायद्याच्या विरुद्ध आहे. रडीचा डाव हा गुन्हा ठरला नाही. पंचाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा धंदा ठरला.

पुढच्या दशकात हा धंदा आणि त्यावरची कारवाई दोन्ही वाढली. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये शत्रूचा वार चुकवण्यासाठी पात्राला आपोआप बाजूला सरकवणारे ‘लीगशार्प’ हे साधन भाडे घेऊन पुरवले जाई. २०१७ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सला त्या साधनाच्या चालकांकडून एक कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली. दक्षिण कोरियाच्या संसदेने २०१६ च्या अखेरीस हॅक बनवणे आणि वाटणे हाच गुन्हा ठरवला. कमाल शिक्षा पाच वर्षे कैद. २०२१ मध्ये चीनच्या कुनशान शहरातील पोलिसांनी टेन्सेंट या खेळ-कंपनीच्या मदतीने एक टोळी पकडली. ती हॅक दिवसाच्या किंवा महिन्याच्या वर्गणीवर विकत होती. जप्त मालमत्ता सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरची होती आणि तीत महागड्या मोटारी होत्या.

व्यावसायिक मैदान

ई-स्पोर्ट्समध्ये बक्षिसाची रक्कम, पगार आणि देशाचे नाव जोडले गेल्यावर फसवणुकीचे परिणामही वाढले. २०१६ मध्ये ‘एसिक’ ही सचोटी राखणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. भारतीय खेळाडूंच्या आठवणीत राहिलेले प्रकरण ऑक्टोबर २०१८ मधले आहे. शांघायमधल्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा संघ काउंटर-स्ट्राइकचा सामना खेळत होता. ‘फोर्सेकन’ या नावाने खेळणाऱ्या त्यांच्या खेळाडूच्या संगणकाबद्दल शंका येऊन पंच त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पंचाने यंत्र तपासायला घेतले तेव्हा खेळाडूने घाईघाईने एक प्रोग्रॅम बंद करण्याचा प्रयत्न केला. हॅक होता, आणि त्याच्या फाइलीला नाव दिले होते ‘वर्ड डॉट ईएक्सई’, जणू लिखाणाचा साधा प्रोग्रॅम. संघ बाद झाला, कंपनीने तो मोडला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. ज्या चार सहकाऱ्यांनी काही केले नव्हते त्यांचीही संधी गेली. परदेशी मैदानावर भारतीय संघाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, हे नुकसान आकड्यांत मोजता येणारे नाही.

काउंटर-स्ट्राइकमधलेच २०२० चे प्रकरण याहून सूक्ष्म होते. खेळातल्या एका दोषामुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावरच्या एखाद्या जागी अडकून राही आणि तिथून शत्रूची हालचाल दिसे. कोणताही हॅक लागत नव्हता. एसिकने जुन्या सामन्यांची चित्रणे तपासून ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. हॅबिटॅटच्या बाहुल्यांचाच हा प्रश्न होता, पण इथे पळवाट गुपचूप आणि समोरच्याच्या हक्कावर टाच आणून वापरली गेली होती, म्हणून उत्तर निराळे निघाले.

पंच किती खोल जावा

२०२० मध्ये रायटचा ‘व्हॅलोरंट’ आला, तो ‘व्हॅनगार्ड’ घेऊनच. हा पहारेकरी संगणक सुरू होतानाच जागा होतो आणि कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या पातळीवर, बसतो. त्यामागचे कारण असे की हॅकही तिथवर पोहोचले होते. वरच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याला तळघरातला चोर दिसत नाही. पण एका खेळासाठी संपूर्ण संगणकाची किल्ली कंपनीच्या हाती द्यावी का, हा खेळाडूंचा आक्षेपही रास्त आहे. त्याच खेळात रायटने दुसरा, कमी त्रासाचा उपायही केला: शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याचा ठावठिकाणा खेळाडूकडे पाठवतच नाही. रेमंड यांनी १९९९ मध्ये सुचवलेल्या तत्त्वाचीच ही अंमलबजावणी.

व्हॉल्वने खेळाडूंनाच पंच केले. २०१३ पासून ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या संशयित सामन्यांची चित्रणे, नावे झाकून, अनुभवी खेळाडूंपुढे ठेवली जात आणि ते निवाडा देत. या निवाड्यांवरूनच पुढे ‘व्हॅकनेट’ ही यंत्रणा संशयास्पद नेम ओळखायला शिकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘डोटा २’त व्हॉल्वने सापळाच लावला. क्लायंटमध्ये अशी माहिती ठेवली की खेळ स्वतः ती कधीच वाचत नाही. वाचेल तो फक्त चोरून पाहणारा हॅक. ज्यांच्याकडून ती वाचली गेली त्या ४०,००० हून अधिक खात्यांवर एकदम बंदी आली. या पद्धतीत निरपराध माणूस अडकण्याची शक्यता अगदी थोडी होती.

फोनवरच्या खेळांनी ही लढाई भारतात घरोघर आणली. ‘पब्जी’च्या संगणकावरच्या आवृत्तीत एकट्या जानेवारी २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक खात्यांवर बंदी घालावी लागली होती. भारतात २०२० मध्ये ‘पब्जी मोबाइल’वर सरकारी बंदी आली आणि २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने ‘बीजीएमआय’ ही त्याची भारतीय आवृत्ती आणली, तेव्हा हॅक लावून खेळणाऱ्यांच्या बंद केलेल्या खात्यांचे आकडे जाहीर करण्याचा शिरस्ताही सुरू केला. फुकट हॅकच्या नावाखाली उतरवलेल्या फाइलींतून फोनमधली माहिती चोरली जाते, हा धोका शाळकरी मुलांपर्यंत पोहोचला आहे.

हॅक आता खेळाच्या संगणकाबाहेर पडले आहेत. एका विशेष कार्डाद्वारे दुसराच संगणक पहिल्याची स्मृती वाचतो. कॅमेऱ्यासारखा प्रोग्रॅम केवळ पडद्याचे चित्र पाहून नेम धरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तर प्रश्न कीबोर्डपर्यंत आला. डावीकडची कळ दाबलेली असताना उजवीकडची दाबली की आधीची आपोआप सोडून देणारे कीबोर्ड बाजारात आले होते. काउंटर-स्ट्राइकमध्ये झटकन थांबून नेम धरण्याची ही हातोटी साधायला खेळाडूला वर्षे लागतात. कीबोर्ड ती विकत देऊ लागला. व्हॉल्वने आपल्या सर्व्हरवर ही सोय आणि एका कळीत अनेक हालचाली बांधणाऱ्या स्क्रिप्ट या दोन्हींना मनाई केली. नियमाचा अर्थ सरळ होता: प्रत्येक हालचालीमागे खेळाडूचा हात हवा.